रोबोट आर्मचे डायनॅमिक पॅरामीटर काढायला बसताय?

‘या आर्मचं डायनॅमिक मॉडेल काढ’ असं गाइडने किंवा बॉसने सांगितलं, म्हणजे कुठल्या हालचालीला किती टॉर्क (फिरवणारा जोर) लागतो ते सांगणारी समीकरणं मागितली, की पहिला हात कॅड फाइलकडे जातो. तिथे लिंकचं (दोन सांध्यांमधल्या भागाचं) वस्तुमान मिळतं खरं, पण केबल आणि गिअरबॉक्समधलं घर्षण यांचा तिथे पत्ता नसतो. 1986 साली आर्मस्ट्राँग, खातिब आणि बर्डिक या संशोधकांनी प्यूमा 560 हा औद्योगिक रोबोट आर्म चक्क सुटा केला, लिंक तोलल्या, लटकवून त्यांचं जडत्व मोजलं. तुम्हाला रोबोट खोलायला कुणी देणार नाही. तेव्हा तो हलवायचा, टॉर्क नोंदवायचे आणि उलटं गणित करायचं.

दर लिंकमागे दहा पॅरामीटर: वस्तुमान एक, ते गुरुत्वमध्याच्या स्थानाशी गुणून येणारे तीन, जडत्वाचे सहा. सहा जॉइंटला 60, घर्षणाचे वेगळे. नवा माणूस साठच्या साठ हुडकत बसतो. ते मिळत नाहीत, लागतही नाहीत. उभ्या अक्षाभोवती फिरणारी पहिली लिंक घ्या. तिचं वजन टॉर्कमध्ये उमटतच नाही, उमटतं ते फक्त त्या अक्षाभोवतीचं जडत्व. बाकीचे बरेच एकमेकांत मिसळून येतात. या मिश्रणांना बेस पॅरामीटर म्हणतात. प्यूमा 560 चे असे 36 आहेत.

समीकरण या पॅरामीटरमध्ये रेषीय असतं, म्हणून लीस्ट स्क्वेअर्स (चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी करणारी पद्धत) म्हणजे कोडची एक ओळ. जीव जातो तो त्याआधी. आर्म कसाही हलवून चालत नाही. फूरिये मालिकेतून (साइन-कोसाइनच्या बेरजेतून) ट्रॅजेक्टरी, म्हणजे हालचालीचा मार्ग, बनवा आणि रिग्रेसर मॅट्रिक्सचा (पॅरामीटरना टॉर्कशी जोडणाऱ्या मॅट्रिक्सचा) कंडिशन नंबर, म्हणजे गोंगाटाने उत्तर किती बिघडू शकतं तो आकडा, कमी होईल असे सहगुणक शोधा. तीच फेरी पुन्हा पुन्हा चालवून सरासरी घेता येते, हा फायदा वेगळाच. एन्कोडरचा (सांध्याचा कोन मोजणाऱ्या सेन्सरचा) डेटा दोनदा डिफरन्शिएट केला की त्वरणात नुसता गोंगाट उरतो. फेज न सरकवणारा फिल्टर लावा, आणि टॉर्कलाही तोच.

आणि घर्षण! सकाळी थंड गिअरबॉक्सवर घेतलेला डेटा आणि दुपारचा डेटा जुळत नाही, कारण ग्रीस तापलं की पातळ होतं. आधी आर्म चालवून गरम करा, मगच रेकॉर्डिंग. मग शिल्लक एररचा (मोजलेला टॉर्क आणि मॉडेलचा टॉर्क यांतल्या फरकाचा) आलेख वेगाच्या आलेखाखाली ठेवून बघा. वेग शून्य ओलांडतो तिथेच टोकं दिसली तर कूलोम घर्षण (वेग कितीही असो, फक्त दिशेप्रमाणे बदलणारं) नीट बसलेलं नाही. तिथे जडत्वाचे आकडे कुरवाळत बसू नका.

बेस पॅरामीटर ऋण आला म्हणून घाबरायचं कारण नाही. ते मिश्रणच आहे. पण सिम्युलेटरला लिंकनिहाय आकडे द्यायचे असतील तर वस्तुमान धन हवं आणि जडत्व शक्य कोटीतलं, ही अट सोडवतानाच घाला. नंतर ठिगळ लावणं कटकटीचं.

ज्या ट्रॅजेक्टरीवर फिट केलं तिच्यावरच तपासणी दाखवणाऱ्यांचं मी तरी मनावर घेत नाही. वेगळी ट्रॅजेक्टरी चालवा. शिवाय टोकाला माहीत असलेलं वजन बांधून तेच वजन डेटातून परत काढा. ते सरसकट एकाच प्रमाणात चुकत असेल, तर संशय आधी मोटरच्या टॉर्क कॉन्स्टंटवर (करंटवरून टॉर्क काढायच्या आकड्यावर) घ्या.