गच्चीवरच्या बागेच्या ग्रुपमधली उत्तरं हरवू नयेत म्हणून

पिठ्या ढेकणावर (झाडांवरची पांढरी, कापसासारखी कीड) काय मारायचं, हा प्रश्न व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पावसाळ्यात नव्याने येतो. उत्तर आधीच दिलेलं असतं, पण ते ‘शुभ सकाळ’च्या ढिगाखाली गेलेलं असतं.

१. एक गूगल डॉक उघडा. मथळे लोक विचारतात त्याच शब्दांत द्या: ‘मिरचीची पानं आकसली’, ‘कढीपत्ता वाढत नाही’. मथळ्याला ‘हेडिंग’ शैली दिली की बाजूला अनुक्रमणिका आपोआप तयार होते.

२. प्रत्येक उत्तरापुढे गाव आणि महिना लिहाच. रत्नागिरीच्या जुलैत चालणारं पाण्याचं वेळापत्रक नागपूरच्या मे महिन्यात रोप मारेल. हे लिहायचा सगळ्यांना कंटाळा येतो, पण खरा उपयोग याचाच.

३. संपादनाचा हक्क तिघाचौघांनाच, बाकीच्यांना ‘कमेंटर’ ठेवा. म्हणजे ते बदल सुचवू शकतात, थेट खोडू शकत नाहीत. तरी काही बिघडलंच, तर ‘व्हर्जन हिस्टरी’तून जुनी प्रत परत आणता येते.

४. लिंक ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाका. पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवसच टिकतो.

सभासदांचे फोन नंबर आणि पत्ते मात्र त्यात घालू नका. लिंक ग्रुपबाहेर जातेच.