सॅन फ्रान्सिस्को: डेपोत जाणाऱ्या जुन्या ट्राममध्ये बसता येतं

कॅस्ट्रो ते फिशरमन्स वॉर्फ धावणाऱ्या 'एफ' मार्गाच्या जुन्या ट्राम मुक्कामाला असतात ते कॅमेरॉन बीच यार्ड (म्हणजे त्यांचा डेपो) बाल्बोआ पार्क स्टेशनजवळ, म्हणजे मूळ मार्गापासून बरंच दूर आहे. तिथून सकाळी निघताना आणि रात्री परतताना त्या 'जे चर्च' या दुसऱ्या ट्राममार्गाच्या रुळांवरून धावतात आणि बहुतेकदा वाटेत प्रवासीही घेतात.

गाडीच्या पाटीवरचा आकडा किंवा अक्षर पुरेसं नाही, शेवटचा थांबाही वाचा. शंका असेल तर चढण्याआधी चालकाला विचारा, कारण उशीर झालेली किंवा बिघडलेली गाडी रिकामीच नेली जाते.

घोटाळा होतो तो मार्केट स्ट्रीटजवळ. नेहमीची 'जे' तिथून बोगद्यात शिरते, जुनी ट्राम मात्र रस्त्यावरच राहते. त्यामुळे भुयारी स्टेशनात तिची वाट पाहू नका; चर्च स्ट्रीटवरच्या थांब्यावर उभे राहा.

क्लिपर कार्ड (भाड्यासाठीचं प्रवास-कार्ड) प्रत्येक गाडीत चढताना टेकवायचंच. एक भाडं 120 मिनिटं चालतं, तेवढ्यात गाडी बदलली तरी नवं भाडं नाही. रोख द्यायची तर नेमकी रक्कम हवी, सुटे मिळत नाहीत. व्हीलचेअर असेल तर हा बेत टाळलेलाच बरा: 'जे'च्या बऱ्याच थांब्यांवर रॅम्प नाही.

डेपोकडे जाताना डावी खिडकी धरा. दोलोरेस पार्कच्या चढावर तिथूनच शहर दिसतं.