गोव्यात नवीन आलात? मार्चमध्ये एकदा घाट चढून बदामीला जाऊन या

नोकरीसाठी गोव्यात आलेल्या आपल्या लोकांचं पहिलं वर्ष ठरलेलं असतं. दोन महिने बीच, मग जून लागतो आणि चामड्याच्या चपलेवर, पट्ट्यावर, लग्नातल्या कोटावर पांढरी बुरशी चढते, टॉवेल चार चार दिवस वाळत नाही, आणि माणूस गावाकडे फोन करून सांगतो की मस्त चाललंय. मी सांगोल्याकडचा. २०११ ला वेर्ण्याला कामाला लागलो तेव्हापासून इथेच आहे. आमच्याकडे पाऊस आला तर बातमी, इथे थांबला तर बातमी. हिरवं बघून कंटाळा येतो हे कुणाला सांगितलं तर हसतात, पण येतो, खरंच येतो. गोव्यात वाळवंट म्हणाल तर साखळीला वाळवंटी नावाची नदी आहे तेवढंच, आणि तिलाही पाणी भरपूर!

त्याला माझ्याकडचा उपाय म्हणजे शनिवार-रविवार गाठून घाट चढायचा आणि कर्नाटकातली बदामी. पणजीहून चोर्ला घाटाने बेळगाव सव्वाशे किमीच्या आसपास, पुढे यरगट्टी, रामदुर्ग करत बदामी आणखी साधारण दीडशे. पहाटे पाचला निघालं की जेवायला तिथे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते, सगळे तेव्हाच जा म्हणतील, मी मात्र मार्च सांगतो. ज्वारी काढून झालेली असते, काळी रानं उघडी पडून भेगाळलेली, लांबपर्यंत झाड नाही आणि मधेच तांबड्या दगडाचे डोंगर. राजस्थानची वाळू नाही ही, पण गोव्याच्या नजरेला वाळवंटच. एप्रिल-मेमध्ये मात्र नको, दगड तापून चप्पल काढवत नाही.

निघायच्या आधी दोन-तीन गोष्टी बघा. टाकी गोव्यातच फुल करा, कर्नाटकात पेट्रोल महाग. गाडीत गोव्याची बाटली ठेवू नका, एक पण नको, 'सील आहे हो' वगैरे काही चालत नाही, कणकुंबीला अबकारीचा चेकपोस्ट आहे आणि डिकी उघडायला लावतात. भाड्याची गाडी असेल तर राज्याबाहेर न्यायची परवानगी मालकाला आधी विचारा, बरेच जण देत नाहीत. आणि विषय निघालाच आहे तर, एमएच पासिंगची गाडी १२ महिन्यांच्या वर इथे वापरणार असाल तर जुन्या आरटीओची एनओसी काढून गाडी जीए करून घ्यावी लागते. मी दोन वर्षं टाळलं आणि मग जो काही भुर्दंड बसला त्यात बदामीच्या दहा ट्रिपा झाल्या असत्या. घाटात मोबाईलला रेंज नसते, मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा.

आता सोबत कोण न्यायचं. शक्यतो इथला माणूस न्या. मी वाळपईच्या मित्राला घेऊन गेलो, गडी जन्मापासून म्हादईच्या खोऱ्यातला, घराच्या मागे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग. नवीन लोकांना सांगतो, म्हादई हा इथे राजकारणापेक्षा घरातला विषय आहे. तीच नदी पणजीला मांडवी होते. कर्नाटकाला कळसा-भांडुरा प्रकल्पातून तिचं पाणी मलप्रभेत वळवायचंय, लवादाने २०१८ मध्ये वाटणी करून दिली तरी भांडण मिटलेलं नाही. चहाच्या टपरीवर यावर आपलं मत मांडू नका, ऐकून घ्या फक्त.

तर ती मलप्रभा उगवते चोर्ला चढून गेल्यावर कणकुंबीला, माउलीच्या देवळापाशी. तिथे उतरलो, मित्राने हात जोडले देवीला, नदीकडे जरा रागानेच बघितलं. गंमत म्हणजे बदामीचा सगळा मुलूख या मलप्रभेच्याच खोऱ्यात. गोव्यात वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास पाऊस, सह्याद्री ओलांडून खाली उतरलो की बदामीला ५००-६००. बेळगावला कुंदा खाल्ला, तिथपर्यंत तो बडबडत होता. यरगट्टीच्या पुढे खिडकीतून बघत एकच धोशा, "उदक खंय रे हांगा?", म्हणजे पाणी कुठंय इथे. मला तर घरी आल्यासारखं वाटत होतं, बाभळी, मेंढरं, धुळीची वावटळ, सगळं ओळखीचं.

बदामीत चार लेणी आणि खाली अगस्त्य तीर्थ तलाव. तिसरं लेणं शांतपणे बघा, त्यातल्या शिलालेखावर तारीखच आहे, इ.स. ५७८, चालुक्यांच्या मंगलेशाचा. याच मंगलेशाने रेवतीद्वीप जिंकलं होतं, म्हणजे आपलं रेडी असं मानतात, गणपतीला जाता ना तेच. म्हणजे हा रस्ता फार जुना आहे, आपण उलट्या बाजूने जातो इतकंच. ऐहोळेला मेगुती देवळावर ६३४ चा शिलालेख आहे, त्यात पुलकेशी दुसऱ्याच्या राज्यातली तीन महाराष्ट्रकं, म्हणजे महाराष्ट्राचे तीन भाग, आणि त्यांची ९९,००० गावं येतात, मराठी माणसाने त्यासाठी तरी टेकडी चढावी. लेण्यांच्या पायऱ्यांवर माकडांपासून चष्मा सांभाळा. संध्याकाळी ऊन उतरताना तलावापलीकडचा कडा तांबडा, मग केशरी, मग राखेसारखा होतो, तेव्हा भूतनाथाच्या देवळापाशी बसून राहा, फोटो राहूद्यात.

दुसऱ्या दिवशी जुन्या देवळांचं पट्टदकल, २२ किमी. जागतिक वारशाच्या यादीत १९८७ ला गेलं, त्याच वर्षी गोवा राज्य झालं. देवळांच्या मागे मलप्रभा उत्तरेकडे वळते म्हणून ती जागा पवित्र मानतात. आम्ही गेलो तेव्हा नदी म्हणजे दगड आणि मधेमधे हिरवट डबकी. मित्र पात्रात उतरला, बराच वेळ उभा राहिला, एक शब्द बोलला नाही.

येताना बनशंकरी. आपल्याकडच्या कितीतरी घरांची कुलदेवी. देवळाबाहेर बायका टोपल्या घेऊन बसतात, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि मडक्यातलं दही. हॉटेलात जाऊच नका. मित्राने आधी मासे मिळतील का विचारून घेतलं, मग तीन भाकऱ्या खाल्ल्या. भाकरीवाल्या आजीने गाडीची नंबर प्लेट बघितली, "गोवा?" म्हणाली, हा मान हलवतोय, तर हसत हसत म्हणाली, "नीर कोड्री." आसपासच्या बायका पण हसल्या. मला मोडकं तोडकं कन्नड येतं. पाणी द्या म्हणत होती.

परत येताना सौंदत्तीवरून धारवाड, तिथे पेढे, मग अळणावर, रामनगर आणि अनमोड घाट. दोन्ही घाट एका ट्रिपमध्ये होतात. अनमोडला अंधार पडायच्या आत पोचा. घाट उतरायला लागलो तशी दमट हवा आत आली, काच धुकटली, आणि तेव्हा कुठे त्याने विचारलं, ती म्हातारी काय म्हणत होती.

मी म्हटलं, पाणी हवंय का विचारत होती.

"बरी बायल रे," म्हणाला, आणि मोल्यापर्यंत झोपला.