जुना पेपर प्रोजेक्टमध्ये वापरायचाय? मग नुसतं कात्रण नको, अख्खं पान बघा

बहुतेक जण काय करतात, आर्काइव्हमध्ये विषय टाकायचा, पहिलं कात्रण डाउनलोड करायचं आणि 'असं असं घडलं' म्हणून चिकटवून मोकळं व्हायचं. तिथंच गोची होते. पेपरात खरं काय घडलं ते सापडेलच असं नाही, त्या दिवशी लोकांना काय कळलं होतं ते मात्र सापडतं.

टायटॅनिकचंच घ्या. १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे जहाज बुडालं, जवळपास दीड हजार माणसं गेली, आणि त्याच दिवशी काही पेपरांनी छापून टाकलं की सगळे प्रवासी वाचले, जहाज ओढून कॅनडातल्या हॅलिफॅक्सला नेतायत! वायरलेसवरच्या अर्धवट निरोपांची सरमिसळ झाली होती. मृतांचा आकडा काढायला ही बातमी बिनकामाची, पण 'तेव्हा बातम्या पसरायच्या कशा' हा तुमचा प्रश्न असेल तर सोनंच. म्हणून प्रश्न आधी ठरवा, पेपर नंतर उघडा, आणि एका तारखेवर थांबू नका, पुढचे चार-पाच दिवसही चाळा.

तारखांचीही गंमत असते. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली १४ एप्रिल १८६५ ला, लंडनला ते कळलं २६ तारखेला, कारण अटलांटिकखालची तार तेव्हा चालू नव्हती, खबर बोटीनं गेली. मासिकांचं उलटंच, कव्हरवर पुढच्या महिन्याचं नाव आणि अंक आधीच बाजारात.

सर्च करताना आजचे शब्द टाकून फारसं हाती लागत नाही. १९१६ च्या पेपरात 'पहिलं महायुद्ध' कुठून येणार, दुसरं व्हायचं होतं अजून! 'ग्रेट वॉर' टाकून बघा. शिवाय स्कॅन केलेली अक्षरं मशीन वाचतं आणि चुकतं, अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईतला लांबुळका एस त्याला एफ वाटतो, म्हणजे 'सेड'चं 'फेड'. ऑस्ट्रेलियाच्या 'ट्रोव्ह' या जुन्या पेपरांच्या फुकट ऑनलाइन संग्रहावर वाचक स्वतः अशा चुका दुरुस्त करू शकतात. अमेरिकन पेपरांसाठी 'क्रॉनिकलिंग अमेरिका' बघा, तेही फुकट.

कात्रण सापडलं की झूम आउट करून अख्खं पान बघा. बातमी पहिल्या पानावर मोठ्या मथळ्यात आहे की आत कुठंतरी साबणाच्या जाहिरातीखाली दोन ओळींत, यावरून बरंच कळतं. मला तर बातम्यांपेक्षा जाहिराती आणि वाचकांची पत्रंच जास्त बोलकी वाटतात. आणि दहा पेपरांत शब्दन् शब्द तोच मजकूर दिसला तर हुरळून जाऊ नका, एकाच वृत्तसंस्थेची तार असते ती, दहा साक्षीदार नव्हेत.

नोंद तिथल्या तिथं करा: पेपरचं नाव, शहर, तारीख, पान, कॉलम. मी एकदा नुसते स्क्रीनशॉट काढून ठेवले आणि मग आठवडाभर तारखा शोधत बसलो. आवृत्ती कुठली तेही लिहा, कारण ३ नोव्हेंबर १९४८ च्या शिकागो ट्रिब्यूननं अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत 'ड्यूईनं ट्रुमनला हरवलं' असं छापलं होतं ते सुरुवातीच्या आवृत्तीत; जिंकले होते ट्रुमनच, म्हणून नंतरच्या आवृत्त्यांत मथळा बदलला.