भरलेलं मॅगझीन कपाटात पडून आहे? स्प्रिंगची काळजी नंतर, आधी या चुका टाळा

कोल्हापुरात पिस्तूल-बंदुकीचे चार लायसन्सवाले एकत्र बसले की हा विषय निघतोच, मॅगझीन, म्हणजे हत्यारातली काडतुसांची पेटी, भरून ठेवलं तर काडतुसं वर ढकलणारी आतली स्प्रिंग बसते का, म्हणजे ढिली पडते का? आणि निम्मे लोक ठामपणे सांगतात, बसते की, दर आठवड्याला रिकामं करायचं आणि परत भरायचं. हे ऐकून नवीन लायसन्सवाला घाबरतो, रोज काडतुसं काढतो-घालतो आणि ज्यानं खरंच मॅगझीन खराब होतं तिकडं त्याचं लक्षच जात नाही.

आधी स्प्रिंगचं सांगतो. चांगल्या पोलादाची स्प्रिंग तिला झेपेल एवढीच दाबून ठेवली तर नुसती दाबलेली राहिली म्हणून फारशी ढिली पडत नाही, घरातल्या तापमानाला तर नाहीच. नवीन स्प्रिंग पहिल्या काही वेळा भरल्यावर थोडी आखूड होते, तिथं लोक दचकतात, पण ते नॉर्मल आहे, त्यानंतर ती त्याच लांबीवर टिकते. स्प्रिंग थकते ती दाब-सोड दाब-सोड करून. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, म्हणजे कारखान्यांच्या भागातल्या, इंजिनच्या कुठल्याही मेस्त्रीला विचारा, गाडी चार महिने बंद उभी असली तरी एखादा वॉल्व उघडाच राहिलेला असतो, म्हणजे त्याची स्प्रिंग तेवढे महिने दाबलेलीच, तरी गाडी चालू केली की ती आपलं काम करते.

म्हणजे आठवड्याला रिकामं-भर करणं हीच पहिली चूक. आणि त्यात अजून एक धोका आहे जो लोकांना माहीतच नसतो, मॅगझीनबरोबर पिस्तूलही भरून-रिकामं केलं आणि तेच वरचं काडतूस परत परत चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, गेलं की दर वेळी त्याच्या गोळीला पुढून ठोका बसतो आणि ती हळूहळू केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, आत सरकते. आत जागा कमी झाली की फायर करताना प्रेशर वाढतं, हे हत्याराला आणि हाताला दोन्हीला वाईट. शेजारी नवीन काडतूस उभं करून उंची बघा, कमी दिसली तर ते वापरू नका.

दुसरी चूक म्हणजे शेवटचं काडतूस अंगठ्यानं जोर लावून कोंबणं. व्हिएतनामच्या लढाईत अमेरिकन सैनिक एम-१६ च्या २० च्या मॅगझीनमध्ये १८ च भरायचे ते उगाच नाही, गच्च भरलं की स्प्रिंग तिच्या मर्यादेच्या टोकाला जाते आणि पहिलाच राऊंड, म्हणजे काडतूस, नीट वर येत नाही. लांब ठेवायचं असेल तर एक कमी भरा, सोपं आहे.

आता खरा मुद्दा, फीड लिप्स. मॅगझीनच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणाऱ्या त्या दोन वळलेल्या कडा. स्प्रिंग आतून ढकलत असते आणि तो सगळा दाब या कडांवर येतो, दिवसरात्र. पत्र्याचं मॅगझीन कधी खाली पडलेलं असेल तर त्या आधीच थोड्या फाकलेल्या असतात, प्लास्टिकच्या असतील तर वर्षानुवर्षं दाबानं पसरतात नाहीतर बारीक तडा जातो. जॅम झाला की लोक स्प्रिंगला शिव्या देतात आणि दोष असतो या कडांचा. वर्नियरनं त्याच मॉडेलच्या नव्या मॅगझीनशी अंतर ताडून बघा. पकडीनं वाकवून सरळ करायचा नाद मात्र करू नका.

आणि आपल्या भागातला सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. जून ते सप्टेंबर राधानगरी, गगनबावडा, आजरा भागात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते तर बंद डब्यातल्या लोखंडाचं काय होत असेल! शहरातही पंचगंगेचं पाणी २०१९ आणि २०२१ ला कुठंपर्यंत आलं होतं ते सगळ्यांनी बघितलंय, पाणी घरात आलं नाही तरी भिंती कित्येक दिवस ओल्याच होत्या. स्प्रिंगला गंज लागला की तारेवर बारीक खड्डे पडतात आणि तार तिथूनच तुटते, म्हणजे दाबून ठेवण्यापेक्षा गंज कितीतरी पटीनं वाईट. त्यात आपली चामड्याची हौस. चपलेला चामडं झकास, पण भरलेलं मॅगझीन महिनोन् महिने चामड्याच्या पाऊचमध्ये ठेवू नका, चामडं कमावताना वापरलेली केमिकल्स आणि त्यात मुरलेला ओलावा यानं पितळी केसवर हिरवट थर चढतो, तो थर म्हणजे पितळ खाल्लं जातंय. पाऊच बाळगायला, ठेवायला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधणंही चुकीचं कारण आतली ओल आतच राहते. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या पावसाळ्यात अधूनमधून बदलायच्या किंवा तापवून सुकवायच्या, एवढं केलं तरी लय फरक पडतो.

गंज नको म्हणून काही जण मॅगझीन तेलानं न्हाऊ घालतात, ते तर त्याहून वाईट. पातळ स्प्रे तेल झिरपत प्रायमरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, गेलं की काडतूस फुसकं निघू शकतं, शिवाय तेलाला धूळ चिकटून फॉलोवर, म्हणजे स्प्रिंगवरची काडतुसं उचलणारी पट्टी, मध्येच अडकतो. आतून कोरड्या फडक्यानं पुसा, स्प्रिंगला तेलाचं बोट फिरवून तेही पुसून टाका, बास.

साफ करून जोडताना स्प्रिंग उलटी बसवणं ही तर इतकी कॉमन चूक आहे की मॅगझीन उघडायच्या आधीच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. वरचं वेटोळं फॉलोवरला ज्या कोनात बसतं तसंच बसलं पाहिजे, उलटं झालं की फॉलोवर पुढं झुकतो आणि गोळीचं नाक खाली जातं. ढिली वाटली म्हणून हातानं ताणलेली स्प्रिंग चार दिवस बरी वाटते आणि परत बसते. उद्यमनगरात कुणाकडून तशीच स्प्रिंग वळवून घ्यायचं तर डोक्यातच आणू नका, तारेचा दर्जा आणि वळल्यानंतरचं हीट ट्रीटमेंट हा एक भाग, आणि हत्याराच्या पार्टचं काम लायसन्सधारक गनस्मिथकडूनच करून घ्यायचं हा दुसरा.

मग बिघाड ओळखायचा कसा? शेवटचे एक-दोन राऊंड वर येत नाहीत, किंवा सगळे संपल्यावर जी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागंपुढं सरकणारा भाग, मागं थांबायला पाहिजे ती थांबत नाही, तर स्प्रिंगवर संशय घ्या, नवी टाका. दोन राऊंड एकदम वर आले तर कडा बघा. मध्येच अडकतंय तर घाण किंवा बॉडीला पोचा. स्लाइड राऊंडवरून नुसतीच सरकून जाते तर आधी मॅगझीन नीट लॉक झालंय का ते तपासा, बऱ्याचदा तेवढंच असतं. आणि हे सगळं रेंजवर तपासायचं, घरात भरलेलं हत्यार घेऊन नाही.

पॉइंट टू-टूवाल्या, म्हणजे .२२ बोअरच्या पिस्तुलानं स्पर्धा खेळणाऱ्या, पोरापोरींना वेगळं सांगायला लागतं, कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलचं गोल्ड आणल्यापासून इकडं हा इव्हेंट खेळायची स्वप्नं बघणारे कमी नाहीत. पाच-पाच शॉटची सिरीज, रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट फायरच्या टप्प्यात, एका शॉटला ३ सेकंद, तिथं एक राऊंड अडकला की पुढचा शॉटही डोक्यातून जातो. टू-टूच्या गोळीवरचं मेण आणि शिसं मॅगझीनमध्ये साचतं, म्हणून यांच्यासाठी सफाई आधी, स्प्रिंग नंतर. आणि प्रॅक्टिस संपली की मॅगझीन रिकामं करूनच बॅगेत, भरून ठेवायचं यांना काही कारणच नाही.

चंदगड-आजऱ्याकडं शेतीसाठी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक असणाऱ्यांनी मॅगझीनचा नियम तिला लावू नये. ठासून ठेवलेली दारू ओल धरते, नळी आतून खाते आणि ती भरलेली आहे हे घरातल्या दुसऱ्या माणसाला बाहेरून कळत नाही. ती कधीच भरून ठेवू नका.

भरलेलं मॅगझीन एका कुलपात, पिस्तूल दुसऱ्या कुलपात, चाव्या पोरांच्या हाताला न लागणाऱ्या. निवडणुकीच्या वेळी हत्यार जमा करून परत मिळालं की तसंच कपाटात टाकू नका, मॅगझीन उघडून स्प्रिंग, कडा, गंज सगळं बघा. आणि प्रत्येक मॅगझीनच्या बुडावर पेंट मार्करनं नंबर टाका, म्हणजे रेंजवर अडकलं की नेमकं कुठलं अडकतंय ते कळतं आणि तेवढंच बाजूला काढता येतं.