रॉड गुणिले पाच: मिनेसोटाच्या तळ्यांत कनू घेऊन जायचं असेल तर

नौपाड्यातली आमची इमारत चार मजल्यांची, बिनलिफ्टची. २०२४ च्या जून-जुलैत रोज संध्याकाळी मी पाठीवर दहा किलो तांदळाची पिशवी बांधून तो जिना पाच वेळा चढले-उतरले. कुणी विचारलं की सांगायचे, लेकीकडे चाललेय, तिथे होडी उचलायची आहे. ऑगस्टअखेर ती उचलली. तेव्हा माझं वय अठ्ठावन्न, ह्यांचं त्रेसष्ट. लेक, जावई आणि आम्ही दोघं, दोन कनू (वल्ह्यांनी चालवायच्या लांब, निमुळत्या होड्या), पाच दिवस, चार रात्री.

ठाण्यातून दरवर्षी कितीतरी आईवडील मुलांकडे अमेरिकेला जातात. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात, मग मुलं कामावर गेली की खिडकीतून रस्ता बघायचा. त्यांच्यासाठी हे लिहितेय. आपल्या वयाला हे जमतं, पण तयारी कशाची करायची ते आधी नीट कळायला हवं. मलाही वाटलं होतं की वल्हं मारायला दंडात जोर लागेल. प्रत्यक्षात वल्हवणं दोन दिवसांत अंगवळणी पडतं. खरी कसोटी दोन तळ्यांच्या मधल्या जमिनीवर लागते. तिथे होडी डोक्यावर आणि सामान पाठीवर घेऊन चालायचं असतं. त्या वाटेला पोर्टेज म्हणतात.

जागेचं नाव बाउंड्री वॉटर्स कनू एरिया वाइल्डरनेस. मिनेसोटा राज्याच्या अगदी उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला लागून दहा लाख एकरांहून मोठं जंगल आणि त्यात अकराशेच्या वर तळी. हिमनद्यांनी खडक खरवडून केलेले हे खळगे आहेत. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने या भागाला संरक्षण मिळालं, १९७८ मध्ये त्याच्यासाठी वेगळा कायदा झाला. बहुतेक तळ्यांवर मोटरबोट चालत नाही. हॉटेल नाही, दुकान नाही, वीज नाही, मोबाइलची रेंज जवळजवळ नाहीच. ज्या पायवाटांनी आपण होडी नेतो, त्यांतल्या कित्येक तिथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बर्चच्या सालीच्या कनू खांद्यावर घेऊन पाडलेल्या आहेत. पहिल्या वाटेवर मुलीने हे सांगितलं आणि पायाखालच्या घासून गुळगुळीत झालेल्या दगडांकडे मी नव्याने पाहिलं.

परवान्याचं आधी. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात मुक्कामाला जायचं तर परवाना लागतो आणि प्रत्येक प्रवेशठिकाणी रोज ठरावीक गटांनाच सोडतात. आरक्षण जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी त्यांच्या सकाळी नऊला उघडतं, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठला. मुलीने तिकडून आणि मी इकडून, दोघींनी फोनवर बोलत तारीख पक्की केली. एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं आणि चार होड्या. परवान्यावर ज्याचं नाव गटप्रमुख म्हणून आहे तो माणूस सोबत असावा लागतो, म्हणून जावयांचं नाव पर्यायी म्हणून घातलं. तंबूची जागा मात्र आरक्षित होत नाही, जो आधी पोचेल त्याची.

महिना कोणता? जूनमध्ये डास आणि काळ्या माश्या जीव नकोसा करतात असं सगळेच सांगतात. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्या पुष्कळ कमी होतात आणि पाणीही अजून अंग घालण्याइतकं उबदार असतं. त्या वर्षी गणपती ७ सप्टेंबरला होते, त्यामुळे परत येऊन लेकीच्या घरी मूर्ती बसवायलाही वेळ मिळाला. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी त्यांचा लेबर डे असतो, त्या सुट्टीची गर्दी टाळा.

आता वजनाकडे येते, कारण सगळं तिथेच अडतं. तिकडे पोर्टेजची लांबी रॉडमध्ये लिहितात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी. आपण पाचने गुणायचं की मीटर मिळतात. नकाशावर १०० रॉड दिसले की अर्धा किलोमीटर. पण सामान एका खेपेत गेलं नाही तर तीच वाट तीनदा चालावी लागते: सामान घेऊन जा, रिकाम्या हाताने परत या, उरलेलं घेऊन पुन्हा जा. अर्ध्या किलोमीटरचा दीड झाला. म्हणून बॅग भरताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: हिच्यासाठी मी तीनदा चालायला तयार आहे का? मी दुसरी शाल, स्टीलचे डबे आणि जाड कादंबरी घरी ठेवली.

होडी भाड्याने घेताना केव्हलारचीच घ्या, म्हणजे हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याची. ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण तीस किलोच्या आसपास भरते. केव्हलारची आमची जेमतेम एकोणीस किलोची होती. आपला घरगुती भरलेला गॅस सिलिंडर साधारण तीस किलोचा असतो, त्यावरून अंदाज करा. मधोमध जोखडासारखी आडवी लाकडी दांडी असते, तिच्यावर गाद्या. होडी उलटी करून ती दांडी दोन्ही खांद्यांवर टेकवायची. उचलताना दोघांनी मिळून उचलायची, चालताना एकाने न्यायची. ह्यांनी एकेक पोर्टेज न थांबता नेली. मी उचलली, पण लांब नेणं माझ्या खांद्याला झेपलं नाही, म्हणून मी जेवणाचं पिंप आणि वल्ही घेतली. कोण काय नेणार हे घरीच ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका. बदललं की एखादी पिशवी मागच्या काठावर राहते.

ठाण्यात तयारी काय करता येते? जिना सांगितलाच. दुसरं येऊरचा डोंगर. पावसाळ्यात, भिजलेल्या बुटांनी. आपण ट्रेकवाले बूट कोरडे ठेवायला धडपडतो. कनूत उलट आहे: केव्हलार खडकावर घासलं की फाटतं, म्हणून काठ यायच्या आधीच गुडघाभर पाण्यात उतरायचं आणि होडी तरंगत ठेवूनच रिकामी करायची. दिवसभर पाय ओले राहणार. पाणी वाहून जाईल असे घट्ट बूट, लोकरीचे मोजे आणि मुक्कामासाठी वेगळी कोरडी जोडी. येऊरच्या ओल्या दगडांवर दोन महिने चालले त्याचा मला तिथे पावलोपावली उपयोग झाला.

तिसरं, तरणतलाव. पोहता नाही आलं तरी चालेल, पण लाइफ जॅकेट घालून पाण्यावर उताणं पडून शांत राहता आलं पाहिजे. जॅकेट पाण्यावर असेपर्यंत अंगातून काढायचंच नाही.

वल्हवण्याची पहिली ओळख मला घरी पाटावर बसूनच झाली. हातात काठी धरून, दंड सरळ ठेवून कमरेपासून वळायचं. ओढायचं पाठीने. ठाण्यातल्या मासुंदा तलावावरच्या होडीत बसून पाण्याची भीती जाते, पण कनूचं डुलणं वेगळंच, ते तिथे गेल्यावरच कळतं. मिनियापोलिसलाही ठाण्यासारखंच तलावांचं शहर म्हणतात. शहरातल्या तळ्यांवर कनू भाड्याने मिळते. तिथे दोन संध्याकाळी घालवा. पुढे बसणाऱ्याने ताल धरायचा, मागे बसणाऱ्याने दिशा. नवराबायको एका होडीत असतील तर हे आधीच मान्य करून टाका.

जेवण. डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या आत न्यायला बंदी आहे, म्हणून लोणचं प्लास्टिकच्या डबीत. कच्चा तांदूळ आपल्या सामानातून अमेरिकेत नेता येत नाही, तेव्हा तांदूळ-डाळी तिकडच्या भारतीय दुकानातून घेतल्या. मी ठाण्याहून जांभळी नाक्यावरचा गोडा मसाला आणि हिंग नेला आणि विमानतळावरच्या फॉर्ममध्ये तसं लिहिलं. माणशी रोज सातशे ग्रॅम कोरडा शिधा धरला, चौघांचे पाच दिवसांचे चौदा किलो. पहिल्या दिवशी दशम्या आणि लसणीची चटणी. सकाळी पोहे किंवा उपमा, रवा घरीच भाजून, फोडणी घालून कोरडा करून नेलेला. दुपारी चूल नाही: चिवडा, चिक्की, खजूर, दाणे. रात्री मुगाची खिचडी. एका रात्री पिठलं केलं, बेसन आधीच भाजून नेलं होतं. प्रत्येक जेवणाची वेगळी पिशवी आणि तिच्यावर दिवस लिहिलेला. एवढं केलंत तर मुक्कामाला पोचल्यावर अंधारात शोधाशोध होत नाही.

काळी अस्वलं त्या जंगलात आहेत आणि त्यांचं नाक तीक्ष्ण. अन्न, कचरा, टूथपेस्ट, साबण, हिंगाची डबी, सगळं अस्वलरोधक डब्यात ठेवायचं, किंवा जमिनीपासून बारा फूट उंच आणि खोडापासून सहा फूट लांब टांगायचं. कनू भाड्याने देणारी दुकानं जेवणासाठी जी निळी पिंपं देतात ती नुसती ठेवून चालत नाहीत, ती टांगावीच लागतात. भाड्याने घेताना हे विचारून घ्या. तंबूत एक शेंगदाणाही नको. भांडी आणि अंग तळ्यात धुवायचं नाही. पाणी भांड्यात घेऊन काठापासून दीडशे फूट, म्हणजे पंचेचाळीस मीटर आत जायचं. पिण्याचं पाणी तळ्याच्या मध्यावरून भरून गाळणीतून घ्यायचं. ते कोऱ्या चहाच्या रंगाचं दिसतं, पण तो रंग झाडपाल्याचा असतो.

आमची वाट अशी होती: इली गावाहून फर्नबर्ग रोडच्या टोकाला लेक वन. तिथून दोन छोटी पोर्टेज, दोन्ही पन्नास रॉडांच्या आतली, मग लेक टू, आणि तिथून पाण्यातूनच लेक थ्री. नवशिक्यांना मी हीच वाट सांगेन. एक गोष्ट मात्र जपा. मासुंद्याच्या काठावर उभं राहिलं की सगळा तलाव नजरेत मावतो, लेक वन तसा नाही. बेटं आणि खाड्या इतक्या की प्रत्येक वळण आधीच्यासारखं दिसतं. नकाशा पुढच्याच्या मांडीवर उघडा हवा, होकायंत्र गळ्यात, आणि एकेक बेट मागे पडलं की त्यावर बोट ठेवायचं. आम्ही पाऊण तास एका बंद खाडीत घालवला, कारण मी गप्पांत दोन बेटं मोजायची विसरले.

लेक थ्रीच्या आसपास जळालेले बुंधे दिसतात. २०११ च्या ऑगस्टमध्ये वीज पडून पगामी क्रीकची आग लागली आणि ती ९२ हजार एकरांवर पसरली. आता खाली कोवळं जंगल उठलंय, पण मेलेली खोडं वाऱ्यात पडतात. तंबू लावण्याआधी मान वर करून बघा.

वाऱ्याबद्दल मला निघण्यापूर्वी चेंदणी कोळीवाड्यातल्या एका काकांनी सांगितलं होतं, "ताई, उजाडायच्या आत निघा, दुपारी वाऱ्याशी भांडू नका." खाडीचं ज्ञान तळ्यालाही लागू पडलं. तिसऱ्या दिवशी नाश्ता लांबला, निघायला साडेदहा झाले आणि लेक थ्रीच्या उघड्या भागात लाटांवर पांढरा फेस दिसू लागला. दोन्ही होड्या एका बेटाच्या आडोशाला घातल्या आणि पाच वाजेपर्यंत तिथेच बसलो. तो निर्णय मुलीने घेतला, तो बरोबर होता. लाटांत सापडलात तर जागेवरून उतरून तळावर गुडघे टेका, होडीचं नाक लाटेला थोडं तिरकं ठेवा, काठाकाठाने चला. होडी उलटली तरी तिला सोडू नका. ढग गडगडले की लगेच काठावर.

दुपारी दोनच्या सुमारास मुक्कामाची जागा शोधायला लागा. नकाशावर त्या लाल ठिपक्यांनी दाखवलेल्या असतात. प्रत्येक जागी शेकोटीसाठी लोखंडी जाळी आणि मागे झाडीत भिंती नसलेला संडास असतो. आग त्या जाळीतच पेटवायची, आणि आधी आगबंदी नाही ना याची खात्री करायची. लाकूड पडलेलं, सुकलेलं आणि मनगटाएवढंच. आपल्या बायकांना संडासाची चिंता वाटते, म्हणून स्पष्टच लिहिते: एक मग, बाटलीभर पाणी आणि बरोबरीणीने वाटेवर उभं राहणं, एवढं पुरतं. रात्री लून नावाचा पाणपक्षी ओरडतो. पहिल्या रात्री मी दचकून उठून बसले, चौथ्या रात्री त्याच्यासाठी जागी राहिले.

उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने मिळतं, ते घ्या. रक्तदाबाच्या गोळ्या दोन पिशव्यांत विभागून ठेवा. प्रवासविमा काढताना जंगलातून सुटका त्यात धरली आहे का ते वाचा.

आणि ज्यांचे गुडघे खरंच साथ देत नाहीत त्यांनी पोर्टेजचा विचारच सोडून द्यावा. लेक वनवरच मुक्कामाच्या जागा आहेत. सकाळी लवकर निघून एक जागा धरायची, तंबू तिथेच ठेवायचा आणि तीन दिवस रिकामी होडी घेऊन त्याच बेटांमधून हिंडायचं. आमच्या शेजारच्या जागेवर असं एक सत्तरीचं जोडपं होतं. संध्याकाळी ती दोघं कनूतून यायची, वल्ही वर घेऊन पाण्यावर नुसती थांबायची आणि अंधार पडला की परतायची.