मसाज घेऊन खांदा जास्तच दुखायला लागला, मग काय केलं
दिवसभर लॅपटॉपसमोर बसून माझा उजवा खांदा पार दगड झालेला, म्हटलं जेवढा जोरात मसाज तेवढा बरा, आणि सरळ डीप टिश्यू घेतला, म्हणजे स्नायूंच्या आतपर्यंत जोरात दाबून करतात तो मसाज. दात आवळून पडून राहिलो, बोललो काहीच नाही (माझाच मूर्खपणा!) आणि पुढचे 2 दिवस शर्ट घालताना हात वर जाईना. थोडं दुखणं चालतं म्हणे, पण हे जरा अतीच होतं.

पुढच्या वेळी दुसऱ्या थेरपिस्टकडे गेलो, तिने आधी विचारलं की नेमकं कुठे दुखतं, मुंग्या येतात का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. मग स्वीडिश, म्हणजे तेल लावून लांब, हलके हात. शेवटी खांद्याच्या पात्याजवळ एक गाठ सापडली, ती दाबली की कळ थेट कानामागे जायची, तो ट्रिगर पॉइंट. तिथे बोट ठेवून हळूहळू दाब, 10 पैकी 6 च्या वर दुखलं की मी सांगायचं असं ठरलेलं. थाई पण सुचवलं होतं, त्यात कपडे घालूनच स्ट्रेचिंग करतात, पण माझं अंग एवढं वळत नाही बुवा. सध्या स्वीडिशच चालू आहे, मान वळवून मागे बघता येतं आता.